थांबलं की जातं

“पाय पोचंनात की सर,” दस्तगीर म्हणाला.

तो माझ्या नव्या सायकलीवर बसला होता आणि मी मागून सीट धरून उभा होतो. मिरजेच्या मैदानावर सकाळचे साडेसहा वाजले होते. रोजची पळणारी मंडळी आमच्याकडे बघून हसत पुढं जात होती. मी सेहेचाळीस वर्षांचा गणिताचा मास्तर, तो चव्वेचाळीसचा, सतारी बनवणारा कारागीर. लहान पोरांसारखा आमचा सायकल शिकायचा कार्यक्रम चालला होता.

“पोचायलाच नकोत,” मी म्हणालो. “टाच पेडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, एवढी सीट वर पाहिजे. मी वाचलंय.”

“तुम्ही वाचलंय म्हणजे झालंच,” तो म्हणाला आणि निघाला. वीसेक फूट गेला, डुगडुगला, उतरताना पडला, आणि गवतात बसूनच हसायला लागला.

दस्तगीर शिकलगार आणि मी आठ वर्षं बरोबर पळत होतो. दिवसभर मांडी घालून काम करायचं, त्यानं त्याचे गुडघे आखडायचे, म्हणून तो मैदानावर यायला लागला. मी वेळ लावून पळायचो, तो नुसताच पळायचा. मी पुढं जाऊन थांबायचो, घड्याळ बघायचो, तो मागून गप्पा मारत यायचा. माझ्याबरोबर तीन मॅरेथॉन त्यानं अशाच पुऱ्या केल्या, शेवटच्या माणसांच्या आगेमागे, वाटेत पाणी वाटणाऱ्या पोरींची नावं विचारत.

त्या नोव्हेंबरात माझी पाचवी मॅरेथॉन झाली. चार तासांच्या आत यायचं मी ठरवलं होतं. चार तास एकोणीस मिनिटं लागली. आदल्या वर्षीपेक्षा अकरा मिनिटं जास्त. पळण्यात आता वय आडवं यायला लागलंय, हे मला कळत होतं. त्याच आठवड्यात कुठंतरी वाचलं, की लांब पल्ल्याच्या सायकलिंगला वयाचं एवढं बंधन नसतं. चारशे किलोमीटर, सत्तावीस तास. कुणी पहिला नाही, दुसरा नाही. वेळेत पोचलात की झालं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अशी एक राइड होती. मी दोन नावं नोंदवली आणि मग दस्तगीरला सांगितलं.

“चारशे?” तो म्हणाला. “बस नाही होय तिकडं जायला?”

“एकट्यानं होत नाही ते. बरोबर माणूस लागतो.”

“मग मलाच का? एवढे जण आहेत मैदानावर.”

“तू कधी मध्येच सोडत नाहीस.”

ते खरंही होतं. त्यानं एक जुनी सायकल पैदा केली, आधीच्या मालकानं हँडलला निळी पट्टी गुंडाळलेली. डिसेंबरपासून आमची तयारी सुरू झाली.

पळणारा माणूस सायकलीवर बसला की सगळं चुकीचं करतो. आम्हीही केलं. पायांत ताकद आहे म्हणून जड गिअर लावून रेटायचो आणि चाळीस किलोमीटरला मांड्या भरून यायच्या. पळताना पाणी पुरतं, म्हणून खायला काही घ्यायचो नाही. एकदा अंकलीच्या पुलावर माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली, तेव्हा दस्तगीरनं एका हातगाडीवरून सहा केळी आणली आणि समोर उभं राहून मला चार खायला लावली. बूड तर असं दुखायचं की वर्गात मी उभ्यानंच शिकवायचो. मी घरी भिंतीवर तक्ता लावला होता. आठवडा, अंतर, सरासरी वेग. साठ, ऐंशी, शंभर, एकशे तीस.

शंभरच्या राइडनंतर माझ्या दोन्ही करंगळ्या बधिर झाल्या. सोमवारी फळ्यावर लिहिताना हातातून खडू पडला. मी घाबरलो, रात्री वाचत बसलो. हँडलवर अंगाचा भार पडतो, तळहातातली नस दाबली जाते, नवशिक्यांना हे होतंच, असं कळलं. मी हँडल वर घेतलं, दुहेरी पट्टी गुंडाळली, जाड हातमोजे घेतले. पंधरा दिवसांत करंगळ्या ताळ्यावर आल्या. वाचून, विचार करून एखादी गोष्ट दुरुस्त केली की माणसाला जसं वाटतं, तसं मला वाटलं.

जानेवारीच्या शेवटी दस्तगीर म्हणाला, “सर, मलाबी हाताचं व्हायला लागलंय.”

आम्ही म्हैसाळच्या अलीकडं चहाला थांबलो होतो. तो डावा हात उजव्या हातानं चोळत होता.

“करंगळी?”

“करंगळी नाही. हे असं, वरनं.” त्यानं खांद्यापासून कोपरापर्यंत बोट फिरवलं. “जड पडतोय. चढाला जास्त. मघाशी तर हात माझा नव्हेच असं वाटलं.”

“आणि आता?”

“आता काय नाही. थांबलं की जातं.”

“मग झालं तर,” मी म्हणालो. “थांबलं की हँडलवरचा भार जातो. माझंही तसंच होतं. तू चढाला पुढं वाकतोस, सगळं वजन डाव्या बाजूला टाकतोस. मी बघितलंय मागून.”

मी ते खरंच बघितलं होतं. तो थोडा डावीकडं कलून सायकल चालवायचा.

“एकदा दाखवून घेऊ का कुणाला?” तो म्हणाला. “हातावरच पोट आहे सर माझं. तार लावताना हात कळंना झाला तर काय करू?”

“डॉक्टर काय म्हणणार? सायकल बंद करा म्हणणार. त्यांना दुसरं काही येतं का? पळणं बंद करा असं मला तीन डॉक्टरांनी सांगितलंय. राइड होऊ दे. मग हवं तर दोघंही जाऊ.”

तो हसला. त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी जाऊन त्याच्या हँडलवर दुसरी पट्टी गुंडाळून दिली आणि हँडल दोन सेंटिमीटर वर घेतलं. त्याची बायको शमशादभाभी दारात उभी राहून बघत होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं, नस कुठून जाते, कुठं दाबली जाते. तिनं मान डोलावली, चहा आणून दिला.

पुढचे दोन आठवडे त्यानं हाताचं नाव काढलं नाही. फक्त ढेकर फार येतात म्हणायचा. मी त्याला ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. सायकलीवर खाल्लं की तसं होतं, हेही मी वाचलं होतं.

राइडला तीन आठवडे राहिले, तेव्हा आमची शेवटची मोठी फेरी ठरली. मिरज ते जत आणि परत, पावणेदोनशे किलोमीटर. राइडमध्ये जो वेग ठेवायचा, त्याच वेगानं. मी प्रत्येक गावाची वेळ काढली होती. दुपारी साडेचारपर्यंत मिरजेत यायचं. आलो तर चारशे होणार, नाही तर नाही, असं माझं गणित होतं.

जाताना झकास गेलो. वारा पाठीशी होता. कवठे महांकाळच्या पुढं द्राक्षांच्या बागा, मग उघडा माळ, त्यावर पवनचक्क्यांची रांग. दस्तगीर गाणं म्हणत होता. जतला वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचलो, भाकरी-पिठलं खाल्लं आणि उलटे फिरलो.

परतीला वारा तोंडावर आला. ऊनही चढलं. पहिल्या दहा किलोमीटरमध्येच वीस मिनिटांची बचत संपली. दस्तगीर दोनदा थांबला. दुसऱ्यांदा त्यानं हँडल सोडलं आणि डावा हात खाली लोंबत ठेवला.

“माझ्या मागं चिकटून चालव,” मी म्हणालो. “वारा मी खातो.”

“तुम्ही व्हा पुढं सर. मी येतो माझ्या चालीनं.”

“तुझ्या चालीनं वेळेत होणार नाही.”

“मग तुमचं तर होऊ दे.”

मी थोडा चिडलो होतो. त्याच्यावर, वाऱ्यावर, मैदानावर आठ वर्षं त्याच्यासाठी थांबत आलो, त्यावरसुद्धा. “नागज फाट्यावर थांबतो,” म्हणालो आणि पेडल मारलं. थोडं पुढं जाऊन मागं बघितलं. तो निघाला होता. त्यानं हात वर केला.

नागज फाट्यावर मी पोहे खाल्ले. वीस मिनिटं गेली. फोन लावला, त्यानं उचलला नाही. चालवताना तो उचलायचाच नाही. आणखी पंधरा मिनिटं गेली. मी घड्याळ बघत होतो, आणि खरं सांगायचं तर आज वेळ हुकली, ह्याच्यामुळं हुकली, एवढंच माझ्या मनात होतं. मग मी उलटा निघालो.

सहा किलोमीटरवर तो दिसला. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बसला होता, सायकल नीट खोडाला टेकवलेली. शेजारी शेळ्या राखणारी एक म्हातारी पाण्याची बाटली घेऊन उभी होती.

“कवाधरनं बसल्यात,” ती म्हणाली. “पाणी दिलं तर घेईनात.”

त्याचा शर्ट आंघोळ केल्यासारखा भिजला होता. चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. मला बघून तो कसनुसा हसला.

“किती वेळ राहिला सर?”

मी घड्याळ बघितलं. आज इतक्या वर्षांनी मला स्वतःचं जर काही समजत नसेल तर ते हे, की मी त्या वेळी घड्याळ बघितलं.

“अडीच तास आहेत अजून,” मी म्हणालो.

“मग होतंय की,” तो म्हणाला, आणि झाडाला हात लावून उठायला लागला. अर्धा उठला आणि तसाच माझ्या अंगावर आला.

द्राक्षाचे क्रेट नेणारी एक पिकअप त्या म्हातारीनं रस्त्यात आडवं उभं राहून थांबवली. मागं क्रेटच्या मध्ये त्याला निजवलं, त्याचं डोकं माझ्या मांडीवर. मी त्याची छाती दाबत राहिलो. कशी दाबायची ते मी कधी वाचलेलं नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास प्रयत्न केले. मग त्या बाहेर आल्या.

तिशीच्या आतबाहेरच्या, शांत बाई होत्या. मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, “यांना आधी काही त्रास होता? छातीत दुखणं, डावा हात जड पडणं?”

मी त्यांच्याकडं बघत राहिलो.

“म्हणजे असं,” त्या म्हणाल्या, जणू मला प्रश्न कळला नव्हता. “हृदयाचं दुखणं बऱ्याचदा हातात येतं. श्रम केले की येतं, थांबलं की जातं. लोकांना वाटतं, थांबल्यावर जातंय म्हणजे साधंच असणार. तसं काही म्हणाले होते का?”

“नाही,” मी म्हणालो.

“काहीच नाही?”

“थोडी ॲसिडिटी होती.”

त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या.

संध्याकाळी त्याला मिरजेला आणलं. घरापुढं गल्ली भरली होती. भाभी आतल्या खोलीत होती. मी दारात जाऊन उभा राहिलो तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “सर, काही बोलले होते का ते? काही होतंय म्हणून?”

आजूबाजूला दहा-बारा बायका होत्या. मी म्हणालो, “नाही भाभी. एकदम झालं.”

ती बघत राहिली. मग तिनं पदर डोळ्यांवर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कबरस्तानात मी सगळ्यांत मागं उभा होतो. त्याचा थोरला भाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “शेवटच्या वेळेला तुम्ही होता सर, ते बरं झालं. एकटा नव्हता.” मी त्यालाही काही सांगितलं नाही.

राइड होऊन गेली. मी गेलो नाही. भिंतीवरचा तक्ता बायकोनं एक दिवस काढून टाकला. पळणंही बंद झालं. डॉक्टर म्हणाले म्हणून नाही. मैदानावर गेलो की लोक दस्तगीरबद्दल बोलायचे. काय माणूस होता, कसा अचानक गेला, कशाचं काही दुखणं नव्हतं त्याला. मी मान हलवायचो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी भाभीकडं जायचो. काही लागतं का विचारायचो. काही लागत नसायचं. दस्तगीरच्या भावानं त्याचं सतारीचं दुकान चालवायला घेतलं होतं, घर चालत होतं. मुलगी लग्न होऊन हुबळीला दिलेली. भाभी चहा करायची, समोर खुर्चीत बसायची. प्रत्येक वेळी जाताना मी ठरवून जायचो, की आज सांगायचं. गल्लीच्या तोंडाशी वाक्य तयार असायचं. चहा संपेपर्यंत ते कुठंतरी जायचं. मी स्वतःला सांगायचो, आता सांगून तिला काय मिळणार? तिच्या दुःखात आणखी एक भर. गप्प राहणं हा तिच्यावर उपकारच आहे, अशी मी माझी समजूत घातली होती, आणि गणिताच्या मास्तराला समजूतही पायरीपायरीनं, नीट घालता येते.

असे चौदा महिने गेले.

एप्रिलमधल्या एका रविवारी गेलो तर घरात बोचकी बांधलेली दिसली.

“मी हुबळीला चालले सर,” भाभी म्हणाली. “पोरगी ये म्हणतीय. कायमचंच.”

“कधी?”

“या आठवड्यात.” तिनं चहा ठेवला आणि बसली. मग खाली बघत म्हणाली, “जायच्या आधी एक विचारू?”

“विचारा ना.”

“त्या दिवशी दारात मी तुम्हाला विचारलं होतं, काही बोलले होते का. तुम्ही नाही म्हणालात.”

माझ्या हातात कप होता. तो मी खाली ठेवला.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “हाताचं. मला ते रोज सांगायचे. जिना चढले तरी व्हायचं. मीच म्हटलं, दवाखान्यात जाऊ या. तर म्हणाले, सर म्हणतात हँडलचं आहे. मग तुम्ही इथं येऊन पट्टी बांधलीत, मला समजावलंत. दोन दिवसांनी ते तयार झाले होते सर. इंजेक्शनच्या चिठ्ठीला घाबरणारा माणूस, स्वतःहून म्हणाला, चल, आज जाऊन येऊ.”

तिनं शेजारच्या बोचक्याची गाठ ओढून घट्ट केली.

“आणि मी म्हटलं, कशाला? सर शिकलेले आहेत. एवढं वाचून सांगतात. उगाच डॉक्टरांनी सायकल बंद केली तर तुम्हालाच वाईट वाटेल. मी म्हटलं असं. मी.”

बाहेर कुणीतरी पाण्याची मोटर चालू केली. तिचा आवाज घरभर यायला लागला.

“भाभी,” मी म्हणालो, “चूक माझी होती. मी त्याला…”

“ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता; तो असता तर मला सोसता आलं असतं. “तुमची होती, माझी होती. पण तुम्ही येत होता ना. दर महिन्याला. तुम्ही दारातनं आत आलात की मला वाटायचं, आज सर बोलतील. ते बोलले की मी पण बोलेन. दुसरं कुणाला सांगू? त्यांच्या भावाला सांगू, पोरीला सांगू, की मी जाऊ दिलं नाही तुझ्या बापाला? तुम्हालाच सांगता आलं असतं. तुम्ही चहा प्यायचा आणि जायचा. मग मला वाटायला लागलं, सरांना तर काहीच वाटत नाही. म्हणजे हे त्यांनी तुम्हाला नीट सांगितलंच नसेल. मलाच नीट सांगितलं असेल. म्हणजे मग एकट्या माझंच चुकलं.”

मग मी सगळं सांगितलं. म्हैसाळचा चहा, नागज फाटा, पोहे, घड्याळ. दवाखान्यातल्या बाईंनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं. चौदा महिने तयार केलेल्या वाक्यांपैकी एकही त्यात नव्हतं. मी रडलो. ती रडली नाही. ती ऐकत होती, पण आपल्याशी संबंध नसलेली, दुसऱ्या कुणाच्या घरची हकीकत ऐकावी तशी.

माझं संपल्यावर ती म्हणाली, “त्या वेळी सांगायला पाहिजे होतं.”

“हो.”

“आता माझ्या आत ते बसून गेलंय सर. आता तुम्ही काही म्हटलं तरी हलत नाही.”

मशिदीतून असरची, दुपार कलतानाची अजान सुरू झाली. भाभी उठली, पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला आणि पडदा बाजूला करून आतल्या खोलीत गेली. मी थांबलो. नमाज होऊन बराच वेळ गेला तरी ती बाहेर आली नाही. आतून ट्रंकेत भांडी भरल्याचा आवाज यायला लागला, तेव्हा मला कळलं, की ती बाहेर येणार नाही.

मी उठलो, चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. गुरुवारी ती हुबळीला गेली. तिथला पत्ता मी तिच्या दिराला विचारला होता. तो म्हणाला, “विचारून सांगतो.” पुढच्या महिन्यात तो भेटला तेव्हा त्यानं पत्त्याची गोष्ट काढली नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.